मोटो-थ्री २०१५: ११० गुणांची आघाडी सहा शर्यतींत सहावर कशी आली?

प्रश्न असा आहे: २०१५च्या मोटो-थ्री हंगामात (मोटरसायकलच्या जागतिक ग्रां प्री शर्यतींतला सर्वांत हलका वर्ग) सिल्व्हरस्टोनला हंगामातला सहावा विजय मिळवून ब्रिटनचा डॅनी केंट पोर्तुगालच्या मिगेल ओलिवेराच्या ११० गुण पुढे होता. शर्यती उरल्या होत्या सहा. शेवटी तो जगज्जेता झाला तो फक्त सहा गुणांनी. एवढी आघाडी जाते कशी? केंट घाबरला का? आणि अशा माणसाला खरा विजेता म्हणायचं का?

मी चेन्नई आणि कोइम्बतूरच्या ट्रॅकवर छोट्या सीसीच्या रेसगाड्यांचं चासी-सेटिंग आणि डेटा बघतो. त्यामुळे माझं उत्तर गाडीच्या बाजूने जास्त आणि मानसशास्त्राच्या बाजूने कमी येईल. केंटवर दडपण होतं हे उघड आहे, त्याच्या जागी कुणावरही आलं असतं. पण निव्वळ 'घाबरला' म्हणून हे प्रकरण संपत नाही. या वर्गात आघाडी सांभाळून चालवणं हेच मुळात सर्वांत धोक्याचं काम असतं, आणि केंट नेमका त्यात अडकला.

आधी हिशेब. हंगाम अठरा शर्यतींचा. पहिल्या नऊ शर्यतींत केंटचे पाच विजय (ऑस्टिन, अर्जेंटिना, हेरेस, कातालुन्या, झाक्सनरिंग), एक दुसरा क्रमांक, दोन तिसरे आणि एक चौथा. १९० गुण. जर्मनीपर्यंत तो पोडियमच्या (पहिल्या तिघांच्या) बाहेर फक्त ले माँला गेला, आणि तिथेही ३१व्या जागेवरून सुरुवात करून चौथा आला. मला विचाराल तर त्याची त्या वर्षातली सर्वांत मोठी कामगिरी ती होती, जिंकलेल्या शर्यती नव्हेत. त्यानंतर इंडियानापोलिसला शून्य, ब्र्नोला सातवा, आणि सिल्व्हरस्टोनला पावसात विजय. बारा शर्यतींत २२४ गुण, म्हणजे शर्यतीमागे साडेअठराच्या वर.

पुढच्या सहा शर्यती: मिझानो सहावा, आरागोन शून्य, मोतेगी सहावा, फिलिप आयलंड शून्य, सेपांग सातवा, वॅलेन्सिया नववा. एकूण ३६. त्याच सहा शर्यतींत ओलिवेराने दुसरा, पहिला, दुसरा, पहिला, पहिला, पहिला असा सपाटा लावला. १५० पैकी १४० गुण. अंतिम तक्ता: केंट २६०, ओलिवेरा २५४.

म्हणजे यात दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या आणि लोक एकीविषयीच बोलतात. केंटची घसरण सगळ्यांना दिसते. पण समोरचा माणूस सहा शर्यतींत फक्त दहा गुण सोडतो, हे मोटो-थ्रीत जवळपास घडतच नाही. केंट ठीकठाक चालवत राहिला असता आणि ओलिवेरा नेहमीसारखा कधी पाचवा, कधी आठवा येत राहिला असता, तर हा प्रश्न कुणाला सुचलाही नसता.

आता गाडीकडे येतो, कारण खरं उत्तर तिथे आहे.

मोटो-थ्री हा ग्रां प्रीमधला सर्वांत हलका वर्ग. २०१२ला तो जुन्या १२५ सीसी टू-स्ट्रोकच्या जागी आला: २५० सीसी, एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक. इंजिनाच्या फेऱ्यांवर मर्यादा असते, आणि २०१५ला ती मिनिटाला १४,००० वरून १३,५०० वर आणली होती. टायर तेव्हा सगळ्यांना डनलॉपचेच असायचे. ताकद साधारण साठ अश्वशक्तीच्या आसपास. एवढ्याशा ताकदीत ताशी सव्वादोनशेच्या पुढे जायचं म्हणजे इंजिनाचं जवळजवळ सगळं बळ वारा कापण्यात खर्च होतं. हवेचा रोध ओलांडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. दहा टक्के ताकद वाढवली तर टॉप स्पीड जेमतेम तीन टक्क्यांनी वाढतो. पण पुढच्या गाडीच्या मागे नीट लपलात तर तेवढा वेग फुकट मिळतो. लहानपणी एसटीच्या मागे सायकल लावून ज्याने घाट सोडून सरळ रस्ता कापलाय त्याला हे सांगावं लागणार नाही.

परिणाम असा की पहिल्या नंबरचा रायडर सगळ्यांसाठी वारा कापत राहतो आणि लांब सरळ रस्ता आला की मागचे चौघं-पाचजण त्याला ओलांडून जातात. मुजेल्लोचा सरळ रस्ता किलोमीटरहून लांब आहे. तिथे शेवटच्या लॅपला शेवटच्या वळणातून पहिलं बाहेर पडणं ही बहुतेक वेळा शिक्षाच असते.

यात गिअरिंगचा एक पेच आहे, जो टीव्हीवर कधी दिसत नाही. गाडी एकटी पळत असेल तेव्हा सरळ रस्त्याच्या शेवटी ती लिमिटरच्या (इंजिनाच्या फेऱ्यांच्या मर्यादेच्या) जरा खाली पोचावी असं गिअरिंग लावलं, तर टो (पुढच्या गाडीमागे लपून फुकट मिळणारा वेग) मिळाल्यावर ती आधीच लिमिटरला जाऊन आपटते आणि समोरचा ओलांडायच्या ऐन क्षणी वेग वाढणं थांबतं. टो गृहीत धरून मागच्या स्प्रॉकेटचा (साखळीच्या दातेरी चाकाचा) एखादा दात कमी केला, तर घोळक्यात गाडी मस्त पळते, पण एकटे पुढे निघालात की वळणातून बाहेर पडताना ती जड वाटते आणि पळ काढता येत नाही. म्हणजे आज आपण पळ काढणार की घोळक्यात बसणार, हे शनिवारी रात्री गॅरेजमध्ये ठरवून ठेवावं लागतं. लिमिट १३,५०० वर आल्यावर हा पेच आणखी आवळला गेला. आपल्याकडे चेन्नईला १६५ सीसीच्या गाड्यांवरही हेच चालतं, फक्त वेग कमी. मुलं येऊन सांगतात 'सर, गाडी वर पळत नाही', आणि डेटा उघडला की दिसतं गाडी पळतेय, तो चुकीच्या गिअरिंगवर एकटा सापडलाय.

केंटने पहिल्या अर्ध्यात काय केलं ते या चौकटीत बघा. ऑस्टिनला तो चक्क साडेआठ सेकंदांनी जिंकला. मोटो-थ्रीत साडेआठ सेकंद म्हणजे दुसऱ्या दिवशी आल्यासारखं आहे. त्या ट्रॅकवर वळणांची एवढी गर्दी आहे की ज्याची गाडी ब्रेकिंगमध्ये स्थिर आणि दिशा बदलताना चपळ, तो टो तोडू शकतो. केंटच्या लेपर्ड संघाच्या होंडाकडे तेव्हा ते होतं. जिथे पळ काढता आला नाही, उदाहरणार्थ हेरेसला, तिथे तो घोळक्यात राहून शेवटच्या दोन लॅपमध्ये नेमका पुढे आला. दोन्ही प्रकारची शर्यत येणारा रायडर या वर्गात दुर्मीळ. त्याचं एक कारण अनुभव. २०१२ला त्याने याच वर्गात मोतेगी आणि वॅलेन्सिया जिंकलं होतं, २०१३ला वरच्या वर्गात, मोटो-टूत जाऊन आला आणि मग परत खाली उतरला. मोठ्या गाडीवर वर्ष काढून आलेल्या माणसाचं ब्रेकिंग बदललेलं असतं, आणि सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या घोळक्यात तो फरक लगेच उठून दिसतो. ऑस्टिनला दुसरा आला होता फाबियो क्वार्तारारो, वय वर्षं पंधरा.

इंडियानापोलिसचं शून्य मी केंटच्या खात्यावर मांडत नाही. सुरुवातीला ट्रॅक ओला होता आणि भराभर वाळत होता. मोटो-थ्रीत रायडरला एकच गाडी असते. सर्वांत वरच्या वर्गासारखं, म्हणजे मोटो-जीपीसारखं, पिटमध्ये येऊन दुसऱ्या गाडीवर उडी मारता येत नाही, चाकं बदलावी लागतात आणि त्यात वेळ जातो. लिव्हियो लोई हा बेल्जियमचा मुलगा २६व्या जागेवरून स्लिक (कोरड्या ट्रॅकच्या, खाचा नसलेल्या) टायरवर निघाला आणि ३८ सेकंदांहून जास्त फरकाने जिंकला. त्याच्या मागे मॅकफी आणि ओट्ल, तेही स्लिकवरच. बाकी सगळे पावसाळी टायर काढण्यात गुंतले. ती शर्यत ग्रिडवरच (सुरुवातीच्या रांगेतच) ठरली होती.

आता सिल्व्हरस्टोननंतरचं. ओलिवेरा ११० गुण मागे होता हे खरं, पण त्या रात्री केंटच्या गॅरेजमध्ये ओलिवेराचं नावही कुणी काढलं नसेल असा माझा अंदाज आहे. दुसऱ्या जागेवर होता एनेया बास्तियानिनी, ७० गुण मागे. मिझानोला बास्तियानिनी जिंकला, फरक ५५ झाला, आणि सगळं लक्ष त्याच्यावर गेलं. आरागोनला केंट शेवटच्या लॅपला पडला, पण बास्तियानिनीलाही शून्यच मिळालं. फरक पुन्हा ५५. तक्त्यात पहिला आणि दुसरा जागचे हलले नाहीत म्हणून त्या रविवारी फार नुकसान झालं नाही असं वाटलं असणार. प्रत्यक्षात ती शर्यत ओलिवेराने जिंकली होती आणि एका दिवसात २५ गुण खाल्ले होते. मोतेगीनंतर केंट बास्तियानिनीच्या ५६ गुण पुढे होता आणि ओलिवेराच्या ६५. तीन शर्यती बाकी, ७५ गुण शिल्लक. कुठल्याही संघाने इथे रायडरला एकच गोष्ट सांगितली असती: पडू नकोस, गुण घे.

आणि इथेच मोटो-थ्री दगा देते. मोटो-जीपीत 'पडू नकोस, पाचवा ये' या सूचनेला अर्थ असतो, कारण पाचव्या आणि सहाव्यात बऱ्याचदा दोन-तीन सेकंदांचं अंतर असतं. आपली जागा धरून एकटं चालवता येतं. मोटो-थ्रीत पाचवी जागा नावाची वस्तूच नसते. तिथे बारा जणांचा एक घोळका असतो आणि त्यात तुम्ही या वळणात पाचवे, पुढच्या सरळ रस्त्याच्या शेवटी दहावे. पहिल्या दोघांत असलात तर धोका फक्त मागून असतो. मधोमध असलात तर पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी. आपला ब्रेकिंग मार्कर आपला राहत नाही, कारण पुढच्याच्या टोमध्ये वेग वाढलेला असतो आणि आपल्या समोरची हवा गेल्यामुळे गाडी नेहमीपेक्षा उशिरा थांबते. त्यात शेजारी एक सतरा वर्षांचा पोरगा, ज्याला विजेतेपदाशी काही देणंघेणं नाही, आणि ज्याला पुढच्या वर्षीचं काँट्रॅक्ट हवंय.

थोडं सावध होऊन चालवणारा माणूस दर वळणात अर्धी गाडी लांबी सोडतो. ही अर्धी गाडी म्हणजे आत घुसायचं आमंत्रण. दोघं घुसले की तो आठवा, मग परत वर यायला त्याला हल्ला करावाच लागतो, आणि तो हल्ला आता घोळक्याच्या पोटातून करायचा असतो. सावधपणामुळे जोखीम वाढते ती अशी. ऑस्ट्रेलियात फिलिप आयलंडला घोळक्यातल्या पडझडीत केंट बाहेर गेला. ओलिवेरा जिंकला. फरक ४०. सेपांगला ओलिवेरा पुन्हा पहिला, त्याच्याच केटीएम संघातला ब्रॅड बाइंडर दुसरा, केंट सातवा. फरक २४.

सेपांगचा तो एक-दोन बघून मला वाटतं की केटीएमची गाडी वर्षाच्या शेवटी सुरुवातीपेक्षा बरीच सुधारली होती. हंगामाच्या सुरुवातीला होंडावाले पुढे दिसत होते. उत्तरार्धात तसं चित्र राहिलं नाही. केंट आहे तिथेच राहिला आणि मैदान पुढे सरकलं, असंही यातलं थोडं आहे. पण बाइंडरच्या हातातही तशीच गाडी होती आणि त्याने १४० गुण काढले नाहीत. ओलिवेराचा वाटा ओलिवेरालाच द्यायला हवा. झाक्सनरिंगच्या सरावात त्याच्या हाताचं हाड मोडलं होतं, ती शर्यत त्याला सोडावी लागली. मे महिन्यात मुजेल्लोला तो जिंकला तेव्हा पोर्तुगालचा ग्रां प्री जिंकणारा पहिला माणूस ठरला होता. बाजूला डेंटिस्ट व्हायचा अभ्यासही चालू होता. त्याच्याकडे हरण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तो पहिल्या दोघांत राहायचा प्रयत्न करत होता, आणि वर सांगितल्याप्रमाणे या वर्गात ती सर्वांत सुरक्षित जागा आहे. केंट मागे राहून गुण जपत होता. दोघांची शहाणी वाटणारी आणि वेडी वाटणारी निवड उलटी निघाली.

वॅलेन्सियाचं गणित छान आहे, ते सांगतो. केंट २५३, ओलिवेरा २२९. ओलिवेरा जिंकला तर २५४. केंटला चौदावा क्रमांक म्हणजे दोन गुण पुरेसे होते. पंधरावा आला असता तर एक गुण मिळून २५४-२५४ अशी बरोबरी. मग विजय मोजायचे: दोघांचेही सहा. मग दुसरे क्रमांक: केंटचा एक, मुजेल्लोचा, ओलिवेराचे तीन, हेरेस, मिझानो आणि मोतेगी. म्हणजे बरोबरीत विजेतेपद पोर्तुगालला गेलं असतं. एका जागेवर सगळं टांगलेलं. ओलिवेराने त्याचं काम केलं, जिंकला. केंट नववा आला. १९७७च्या बॅरी शीननंतर ग्रां प्री मोटरसायकल रेसिंगचा जगज्जेता झालेला तो पहिला ब्रिटिश, आणि १२५ सीसी व तिच्या जागी आलेल्या मोटो-थ्री वर्गात १९६९च्या डेव्ह सिमंड्सनंतरचा पहिला.

जाता जाता एक गोष्ट, कारण मराठी वाचकाला ती माहीत असायला हवी. हाच ओलिवेरा आधीची दोन वर्षं मुंबईच्या महिंद्राच्या गाडीवर होता. २०१३ला सेपांगला तिसरा येऊन महिंद्राला मोटो-थ्रीतलं पहिलं पोडियम त्यानेच मिळवून दिलं. २०१५ला तो केटीएमकडे गेला आणि महिंद्राच्या गाड्या आस्पार संघाकडे आल्या. त्यावर कोण बसलं होतं बघा: फ्रान्चेस्को बान्याया आणि होर्हे मार्तिन. ले माँला बान्याया तिसरा आला, आणि पुढच्या वर्षी आसेनला त्याने महिंद्राला पहिला विजय दिला. २०१७नंतर महिंद्राने हा वर्ग सोडला. बान्याया २०२२ आणि २०२३ला मोटो-जीपीचा जगज्जेता झाला, मार्तिन २०२४ला, क्वार्तारारो २०२१ला. केंटने ज्या घोळक्यात मार खाल्ला तो असा होता. त्या वेळी ही सगळी मुलं होती, पण हळू कुणीच नव्हतं.

मग खरा विजेता का? अठरा शर्यती, सहा विजय, सर्वांत जास्त गुण. ओलिवेराचेही सहा विजय, पण त्याचे चार शेवटच्या सहा शर्यतींत आले. गुण मार्चमध्ये मिळालेले असोत की नोव्हेंबरमध्ये, त्यांचं वजन सारखंच. उत्तरार्धाचा वेगळा चषक असता तर तो ओलिवेराने नेला असता यात वाद नाही. माझ्या मते त्या वर्षातला सर्वांत संपूर्ण रायडर नोव्हेंबरपर्यंत ओलिवेरा झाला होता, आणि मार्च ते जुलै केंट होता. मोटो-थ्रीतल्या कामगिरीवरून पुढचं भविष्य काढायला जाऊ नये, हेही इथे दिसतं. २०१६ला दोघं मोटो-टूत एकाच लेपर्ड संघात सहकारी होते. केंटला ती गाडी जमली नाही आणि तो मोटो-जीपीपर्यंत पोचलाच नाही. ओलिवेरा पोचला, आणि २०२०ला ऑस्ट्रियात तिथेही जिंकला.

शर्यती बघायच्या असतील तर ऑस्टिन आणि फिलिप आयलंड एकापाठोपाठ बघा. फिलिप आयलंड बघताना केंटकडे कमी आणि त्याच्या मागच्या चौघांकडे जास्त लक्ष ठेवा. दर लॅपला मुख्य सरळ रस्त्याच्या शेवटी पहिल्या वळणात शिरताना कोण कितव्या जागेवरून कितव्या जागेवर आला, एवढंच कागदावर लिहीत जा. पाच लॅपनंतर तुमचा कागद वाचता येणार नाही इतका खाडाखोडीचा झालेला असेल, आणि 'सातव्या जागेवर शांतपणे बसून राहायचं होतं ना' हा सल्ला केंटला कुणीच का देऊ शकत नव्हतं ते कळेल.